ताजा तुकडा

माझ्या वहिनीला कारखान्यात ‘सेकंदवाल्या बाई’ म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिच्या कानावर ते आलं होतं आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट घरी शेगडीवर दूध वर यायला लागलं की माझा भाऊ मुद्दाम ओरडायचा, “सेकंदवाल्या बाई, किती उरले?” आणि ती दुसऱ्या खोलीतून, मानसुद्धा वर न करता सांगायची, “बारा.” दूध बरोबर बाराव्या सेकंदाला उतू जायचं की नाही, हे मी कधी घड्याळ लावून पाहिलं नाही. शेगडी आम्ही दहाव्यालाच बंद करायचो.

मला तिच्याबद्दल लिहायचं आहे. खरं सांगायचं तर तिच्याबद्दल लिहितो म्हणत मी स्वतःबद्दलही लिहिणार आहे, कारण ज्या गोष्टीत दादाचे डोळे पणाला लागले, तिच्यात वहिनीचं गणित होतं, दादाची खोड होती आणि माझं सुंदर अक्षर होतं. तिन्हींत सगळ्यात निरुपद्रवी माझं अक्षरच दिसायचं. शाळेत मला त्याबद्दल बक्षीस मिळालं होतं. कारखान्यातही त्याच्यावरच चिकटलो. नोंदवही लिहायला त्यांना असा माणूस हवा होता ज्याचा आठ आणि तीन एकसारखा दिसत नाही.

कारखाना म्हणजे एक लांब शेड. एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला प्रेस, मध्ये माझं टेबल. आम्ही बनवायचो काय, तर कर्ण्यांच्या आत बसणारे पातळ धातूचे घुमट, लहान वाटीएवढे. लोकांनी गाणी ऐकावीत म्हणून. यात कुणाला इजा होईल असं आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

धातू मात्र साधा नव्हता. साधा धातू गार होताना त्याचे कण शिस्तीत रांगा धरून उभे राहतात. हा इतक्या घाईनं गार केलेला, की कणांना रांग धरायला सवडच मिळालेली नसते. जो जिथे होता तिथेच अडकलेला. म्हणून वहिनी त्याला धातूची काच म्हणायची. दिसायला आरसा, हाताला पोलाद. ठरावीक उष्णतेच्या वर नेली की ही काच मऊ पडते आणि वाहू लागते. मागून गॅसचा दाब दिला की फुग्यासारखी फुगते. पण ही चैन थोड्या वेळाची असते. गरम राहिली की कणांना हलायला वाव मिळतो आणि राहून गेलेली रांग ते धरायला लागतात. एकदा का रांग लागली, की काच वाहत नाही, फुटते.

वहिनीचं काम हे, की किती उष्णतेला, किती दाबाखाली तुकडा कसा वाहील आणि कितव्या सेकंदाला वाहायचा थांबेल, ते संगणकावर आधीच मांडून द्यायचं. ती त्याला मॉडेल म्हणायची. शेडमध्ये त्याला ‘बाईंची रेषा’ म्हणत, कारण त्यातली एक वाकडी रेषा छापून तिनं प्रेसच्या बाजूच्या भिंतीला चिकटवली होती. ती कामावर आली त्या पहिल्या दिवशी दोन मेणबत्त्या घेऊन आली होती. एक हातात धरून, बोलत बोलत, सावकाश वाकवली. ती कमानीसारखी वाकली. दुसरीला एकदम हिसका दिला, तिचे दोन तुकडे झाले. “घाई केली,” ती म्हणाली, “की सगळं वाहणं एका चिंचोळ्या पट्टीत गोळा होतं आणि तिथेच तुटतं. सावकाश गेलं की सगळं अंग मिळून वाकतं.” आम्ही सगळे मेणबत्तीकडे बघत होतो. प्रेसवाला, म्हणजे माझा दादा, तिच्याकडे बघत होता. सहा महिन्यांत ती आमच्या घरात आली.

आता दादाची खोड. प्रेसच्या पोटाला हाताच्या पंजाएवढं भोक होतं आणि त्याच्यावर जाड पोलादी झडप. झडप लावून, दाबाच्या काट्याकडे बघत काम करायचं असा नियम. दादा झडप उघडायचा आणि वाकून आत बघायचा. “काटा हलेपर्यंत घुमट बिघडलेला असतो,” तो म्हणायचा. “मला तो फुगताना दिसायला पाहिजे.” आणि खरंच, तो बघून जो घुमट काढायचा त्याला तोड नसायची. आत एखादा तुकडा फुटलाच तर त्याच्या कपच्या कुठे येतील हे सांगायला गणिताची गरज नव्हती. वहिनी पहिल्या वर्षी भांडली, दुसऱ्या वर्षी अबोला धरला. तिसऱ्या वर्षी तिनं तह केला.

“बघायचंच आहे ना? मग मी सांगते तितकेच सेकंद बघायचं. पुढे झडप बंद.”

“किती सेकंद?”

“शंभर. तोवर तो वाहणारच. वाहणारी वस्तू फुटत नाही.”

“हमी?”

“माझी हमी.”

दादाला तो शब्द भलताच आवडला. पुढे घरात कशालाही हमी मागायचा. छत्री न्यायची गरज नाही म्हटलं की, “हमी?” चावी खुंटीवरच आहे म्हटलं की, “हमी?” आणि वहिनी दर वेळी गंभीर चेहऱ्यानं हमी द्यायची. पण मला माहीत होतं, प्रेसपाशी दिलेली हमी तिला गंमत वाटत नव्हती. रोज सकाळी कामावर निघताना ती दादाच्या शर्टाची कॉलर नीट करायची आणि तेवढ्यात त्याच्या डोळ्यांकडे एकदा बघून घ्यायची. मी ते बघायचो आणि मला उगाच भीती वाटायची.

भट्टीवर काकू होत्या. काकू शेडमधल्या सगळ्यात जुन्या. हातात लांब चिमटा, कपाळावर काजळीचा पट्टा, आवाज असा की प्रेस चालू असतानाही शेवटपर्यंत ऐकू जावा. वेळ वाचावा म्हणून त्या तुकडा भट्टीत आधी तापवून ठेवायच्या आणि चिमट्यात धरून प्रेसकडे धावायच्या. “घ्या, ताजा!” थेट प्रेसमध्ये ठेवून तिथेच तापवायचा तो ‘गार’, भट्टीतून निघालेला तो ‘ताजा’. शेडमध्ये हे दोनच शब्द होते आणि त्यांचा अर्थ कुणी कुणाला समजावून सांगावा अशी वेळ कधी आली नव्हती.

कधी गॅस अडकायचा, कधी साचा सरळ बसायचा नाही. मग ताजा तुकडा परत फळीवर जायचा, गार व्हायचा आणि पुन्हा भट्टीत. महागाचा माल, टाकून कोण देणार? गार झाल्यावर तो पहिल्यासारखाच दिसायचा, तसाच आरसा. आम्ही धरून चाललो होतो की तो पहिल्यासारखाच झाला. वहिनी एकदा जेवताना म्हणाली होती, “ही काच तापलेलं विसरत नाही, भाऊजी.” शिकलेली माणसं असं छान छान बोलतात, असं मनात म्हणून मी पाणी प्यायलो.

प्रत्येक तुकड्यामागे काकू एक चिठ्ठी लिहायच्या. चौथीत शाळा सुटलेली. अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेलेली. वर तुकड्याचा नंबर, खाली ‘ता’ आणि त्याच्यापुढे एक आकडा. ता १. ता १. ता २. कधी ता ३. संध्याकाळी मी त्या चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरात वहीत उतरवायचो आणि तिथून ती वही वहिनीच्या संगणकात जायची. मी काकूंना एकदा विचारलं होतं, हा आकडा कसला? “कितव्यांदा भट्टीत घातला तो,” त्या म्हणाल्या. “माझं माझ्यासाठी. मला विसरायला होतं.” माझ्या वहीतला तो रकाना अरुंद होता. ‘ताजा’ लिहिल्यावर जेमतेम जागा उरायची आणि आकडा लिहिला की ओळ रेषेबाहेर जाऊन विद्रूप दिसायची. काकूंचं त्यांच्यासाठी असलेलं मी काकूंपाशीच राहू दिलं. वहीचं पान काय सुरेख दिसायचं! वरपासून खालपर्यंत ताजा, ताजा, ताजा.

वहिनीच्या लेखी ताजा म्हणजे या खेपेआधी कधीही न तापलेला. कोरा. तिच्या मॉडेलमध्ये प्रत्येक तुकड्याचं घड्याळ शून्यापासून सुरू व्हायचं, आणि ते तिनं वहीवर भरवसा ठेवून लावलं होतं. फळीवर परत गेलेला तुकडा बाद होतो आणि काकू नवा घेतात, असंच ती धरून चालली होती.

त्या वर्षाच्या सुरुवातीला तिला टिंबं छळायला लागली. झालेल्या प्रत्येक घुमटाची उंची ती कागदावर टिंबानं मांडायची. टिंबं रेषेवर बसायला हवीत. बहुतेक बसायची. पण काही रेषेच्या खाली पडायची. म्हणजे तो घुमट हवा तितका फुगला नव्हता, आतला धातू हवा तितका वाहिला नव्हता. एका रविवारी दुपारी तिनं तो कागद जेवणाच्या टेबलावर पसरला. खालच्या टिंबांभोवती पेन्सिलीनं गोल काढलेले.

“नऊत एक,” ती म्हणाली.

दादानं वाकून बघितलं. “पडली असतील बिचारी दमून. त्यांना रागवू नकोस.”

“मोजण्यातली चूक असती तर कधी वर गेली असती, कधी खाली. ही सगळी खालीच आहेत. एकही वर नाही.” तिनं बोट त्या गोलांवरून फिरवलं. “काहीतरी आहे जे मला माहीत नाही. आणि ते दर वेळी एकाच बाजूनं येतंय.”

तीन आठवडे ती त्या टिंबांच्या मागे होती. भट्टीचा उष्णतामापक बदलून बघितला. तुकड्यांची जाडी केसाच्या अंशापर्यंत मोजली. धातू पाठवणाऱ्यांना पत्रं लिहिली. तिचा चेहरा उतरला, जेवताना हातातला घास हातात राहायला लागला. आणि मग एका संध्याकाळी जिना चढताना, माझ्या एक पायरी पुढे असताना, ती थांबून मागे वळली.

“भाऊजी, तुकडे सगळे ताजेच असतात ना?”

मला तिचा रागच आला. माझ्या वहीवर कुणी शंका घेतली की माझं डोकं फिरतं. “एकूण एक,” मी म्हणालो. “वही उघडून बघ ना. माझ्या अक्षरात आहे.”

“बघितली. तरी विचारलं.” ती पुढे चढायला लागली. आणखी काही विचारलं नाही. का विचारावं? तिनं एक शब्द विचारला, मी तोच शब्द दिला.

त्याच महिन्यात मालकांच्या डोक्यात आलं की उष्णता वाढवायची. जास्त गरम तर जास्त मऊ, जास्त मऊ तर झटपट; त्यात गॅसचा दाबही दुप्पट. दिवसाला होतात त्याच्या दुप्पट घुमट. वहिनीनं मांडून दाखवलं की चालेल, पण तितक्या उष्णतेला काचेची सवड फार आखडते. शंभराच्या जागी चाळीस सेकंद, एवढेच. तिनं त्याआधी पंधरा दिवस मागितले, त्या खालच्या टिंबांसाठी.

“नऊत एक घुमट ठेंगणा निघतो ना?” मालक म्हणाले. “फेकून देऊ. त्यात काय एवढं?”

“ठेंगणा का निघतो ते कळल्याशिवाय...”

“बाई, तुमची रेषा बरोबर आहे की नाही?”

रेषा बरोबर होती. ती आजही बरोबर आहे.

चाचणीचा दिवस मला मिनिटामिनिटानं आठवतो, आणि आठवू नये म्हणून मी बरंच काही करून पाहिलं आहे. सकाळचे दहा. शेडच्या वरच्या काचांतून ऊन सरळ प्रेसवर पडलेलं. मालक हाताची घडी घालून उभे. वहिनी भिंतीपाशी, तिच्या रेषेला जवळजवळ पाठ लावून, हातात थांबवायचं घड्याळ. पहिल्यांदा काकूंनी तुकडा आणला तर गॅसची तोटी अडली. तुकडा फळीवर. तोटी झाली, तुकडा पुन्हा तापला, तर साचा तिरका. पुन्हा फळीवर. साचा नीट व्हायला अर्धा तास गेला. मालक घड्याळ बघायला लागले.

तेवढ्यात दादानं हातमोजे चढवत विचारलं, “सेकंदवाल्या बाई, किती?”

“चाळीस.”

“हमी?”

तह झाल्यापासून पहिल्यांदा तिनं लगेच उत्तर दिलं नाही. ती माझ्याकडे वळली. मी टेबलाशी, माझ्यासमोर कोरं पान, पेनचं टोपण काढलेलं.

“भाऊजी, ताजेच ना?”

“ताजेच,” मी म्हणालो.

“मग हमी.”

काकूंनी भट्टी उघडली. “घ्या, ताजा!” त्या माझ्या टेबलाजवळून धावत गेल्या आणि जाता जाता डाव्या हातानं चिठ्ठी टाकून गेल्या. मी ती उचलून तारेत खोचली. ता ३. मी ते वाचलं. वाचता येत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

दादानं तुकडा बसवला, साचा आवळला, गॅस सोडला. झडप उघडली आणि वाकला. वहिनी मोठ्यानं सेकंद म्हणायला लागली. पाच. आठ. “मस्त येतोय,” दादा म्हणाला. दहा. अकरा.

“हळू झाला गं हा.”

“वाहील,” वहिनी म्हणाली. “अजून एकोणतीस आहेत.”

पंधरा. अठरा. दादानं मान आणखी खाली घातली. “थांबलाय. हलतच नाहीये.” काटा मात्र वर चालला होता, दाब वाढत होता. वीस. मी वहिनीकडे बघितलं. ती सेकंद म्हणत होती, पण तिचा आवाज बदलला होता. बोलता बोलता तिला काहीतरी कळत होतं, काय ते मात्र कळत नव्हतं. बावीस. तेवीस. “झडप,” ती म्हणाली, आणि मग ओरडली, “अहो, झडप लावा!”

आवाज फार मोठा नव्हता. बशी फुटावी तेवढाच. दादा सरळ उभा राहिला, दोन्ही हात तोंडावर धरून, आणि अगदी शांतपणे म्हणाला, “गॅस बंद करा कुणीतरी.” गॅस काकूंनी बंद केला. मी जागेवरून उठलोसुद्धा नव्हतो.

दवाखान्यात लांब बाक होता. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा दुपार झाली होती. उजवा डोळा गेला, त्या म्हणाल्या. डाव्याला उजेड आणि अंधार कळेल. माणूस ओळखू येईल असं आज तरी सांगता येत नाही. वहिनीनं मान हलवली, जणू कुणी पत्ता सांगत होतं. तिच्या मुठीत ते घड्याळ अजून होतं, सव्वीसवर थांबलेलं. ती सारखी एकच वाक्य म्हणत होती, मला नाही, कुणालाच नाही: “चाळीस होते. मी तीनदा मांडलं होतं. चाळीस होते.”

काकू आल्या त्या थेट तिच्याशेजारी बसल्या. कपाळावरची काजळी तशीच. त्यांनी वहिनीचा हात हातात घेतला.

“तुकड्यात खोट नव्हती हो, बाई,” त्या म्हणाल्या. “चांगला ताजा होता. मी स्वतः तिसऱ्यांदा ताजा करून दिला.”

वहिनीनं सावकाश मान वळवली. “काय करून दिला?”

“ताजा. तापवून. दोनदा परत आला ना आज, मग तिसऱ्यांदा तापवला.”

“ताजा म्हणजे... तापवलेला?”

“मग काय?” काकूंना प्रश्नच कळला नाही. “भट्टीतून निघाला की ताजा.”

वहिनी बोटांवर मोजायला लागली. काय मोजत होती ते मला तेव्हा कळलं नाही; पहिल्या खेपेचे सेकंद, दुसऱ्या खेपेचे सेकंद. मग तिचा हात थांबला. “आणि आधी? इतके महिने? असे दोनदा-तीनदा तापवलेले किती?”

“असायचे मधूनमधून. आठ-दहात एखादा. चिठ्ठीवर लिहिते ना मी, कितव्यांदा ते. तुमचे भाऊजी उतरवून घेतात की.”

बाकावर आम्ही तिघंच होतो. वहिनीनं माझ्याकडे बघितलं आणि मी फरशीकडे. फरशीवर कुणाच्या तरी बुटाचा ओला ठसा होता, तो वाळेपर्यंत मी बघत बसलो.

चिठ्ठ्या मी फेकल्या नव्हत्या. नीटनेटक्या माणसाच्या हातून काही फेकलं जात नाही. बुटांच्या एका खोक्यात, महिन्यावार दोरा बांधून, सगळ्या होत्या. आठव्या दिवशी मी ते खोकं उचलून वहिनीपुढे ठेवलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. तिनं ओरडावं असंच मला वाटत होतं. खरं म्हणजे तिनं मला दोन मुस्काटात मारल्या असत्या तर मी तिचा जन्मभर ऋणी राहिलो असतो. तिनं दोरा सोडला. वरची चिठ्ठी उचलली, वाचली. दुसरी वाचली. तिसरी.

“अगदी स्वच्छ वाचता येतं हो, भाऊजी,” ती म्हणाली, “काकूंचं अक्षर.”

यापलीकडे ती मला त्या बाबतीत आजवर एक शब्द बोललेली नाही.

पुढचे पंधरा दिवस ती संगणकासमोर होती. फार मोठा बदल नव्हता करायचा. प्रत्येक तुकड्याचं घड्याळ शून्यापासून न लावता, आधीच्या खेपांत किती खर्ची पडलं ते वजा करून, उरलेल्यापासून लावायचं. चिठ्ठ्या मी वाचून दाखवायचो, आकड्यासकट, आणि ती भरायची. ता २. ता १. ता ३. पंधराव्या दिवशी संध्याकाळी तिनं नवा कागद छापला आणि दादा बसला होता त्या खिडकीपाशी घेऊन आली. दादा आता दिवसभर खिडकीत बसतो. तिथे त्याला उजेड लागतो.

“बसली का गं टिंबं?” त्यानं विचारलं. कागदाचा आवाज त्यानं ओळखला होता.

“बसली.”

“सगळी?”

“सगळी. एकही खाली नाही.”

“बघ, मी म्हणालो होतो. दमली होती बिचारी.” तो हसला. मग म्हणाला, “माझं कुठे आहे?”

वहिनीनं त्याचं बोट धरून कागदावर टेकवलं. तिथे त्याला काय लागणार? गुळगुळीत कागद. “इथे. रेषेवरच आहे.”

“किती होते माझ्याकडे?”

मी दारात उभा होतो; मला वाटलं, ती खोटं बोलेल. तिच्या जागी मी नक्कीच बोललो असतो, काहीतरी साजरं.

“अकरा,” ती म्हणाली.

“अकराला मी म्हणालो होतो, हळू झाला म्हणून.”

“हो.”

“तू म्हणालीस, वाहील.”

“हो,” वहिनी म्हणाली, आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकवून रडायला लागली. दादा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. तिच्यावर रागावलेला नव्हता तो. मला वाटतं, त्याला फक्त खात्री करून घ्यायची होती, की डोळे होते तोवर त्यांनी त्याला बरोबर सांगितलं होतं.

आता पुढच्या आठवड्यात डाव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया आहे. काल आम्ही तिघं डॉक्टरांकडून आलो. जिना चढताना दादाचा एक हात वहिनीच्या खांद्यावर, एक कठड्यावर, मी मागे. डॉक्टरांनी बरंच समजावून सांगितलं होतं आणि वहिनी ते त्याला पुन्हा सोपं करून सांगत होती. पडदा जागेवर बसला तर माणसांचे आकार दिसतील. कदाचित चेहरेही दिसतील. धोका आहे, पण डॉक्टरांचा हात चांगला आहे, त्यांच्याकडची माहिती नीट लिहिलेली आहे, तिनं सगळे कागद स्वतः वाचले आहेत.

दादा मध्येच थांबला. वहिनी तेव्हा जिच्यावर थांबून वळली होती तीच पायरी होती की तिच्या खालची, मला सांगता येणार नाही.

“म्हणजे होईल?” त्यानं विचारलं. आणि जुन्या सवयीनं, हसून, “हमी?”

वहिनी उत्तर देणार होती. तिचं तोंड उघडलेलं मी बघितलं. मग तिनं ते मिटलं, आणि दादाच्या खांद्यावरून वळून माझ्याकडे बघितलं.